जुन्या पिकअप गाडीची थरथर : दोष कसा शोधावा

भाजीपाला, फळे, दूध व खते यांच्या वाहतुकीसाठी लहान मालवाहू पिकअप गाडी आता अनेक शेतकऱ्यांच्या दारी आहे. गाडी जुनी होऊ लागली म्हणजे एक तक्रार हमखास ऐकू येते. गाडी उभी असून एंजिन मंद गतीने चालू असता ती सबंध थरथरते, आरसे हलतात, गिअरची दांडी नाचते. वेग वाढविताच मात्र त्रास बराच कमी होतो. गाडी चालते आहे, एवढ्यावर समाधान मानून पुष्कळजण तिकडे दुर्लक्ष करतात. काहीजण घाबरून पंप व नोझल एकदम उतरवून घेतात. हे दोन्ही मार्ग तोट्याचे आहेत. टोमॅटोच्या तोडणीच्या ऐन हंगामात गाडी वाटेत बंद पडली, तर माल जागीच खराब होतो. आणि निर्दोष पंप उघडला, तर पैसा जाऊनही थरथर कायम राहते. यास्तव दोष कोठे आहे हे आधी ठरवावे व मगच पाना हाती घ्यावा. पुढील माहिती मुख्यतः यांत्रिक पंप असलेल्या, चार सिलिंडरांच्या जुन्या डिझेल गाड्यांना लागू आहे.

मंद गतीतच थरथर का?

अशा एंजिनात क्रँकशाफ्टच्या दर दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडरमध्ये एकदा ज्वलन होते. म्हणजे दर अर्ध्या फेरीस शक्तीचा एक धक्का मिळतो. मिनिटास ८०० फेरे होत असतील, तर १,६०० धक्के मिळतात. एक सिलिंडर निकामी झाल्यास त्यांतील ४०० धक्के गळतात. सेकंदास सुमारे सात वेळा एंजिन अडखळते व तोच हिसका गाडीस बसतो. दोन धक्क्यांमधील उणीव फ्लायव्हील भरून काढते. परंतु त्यात साठलेली शक्ती गतीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २,४०० फेऱ्यांस ती ८०० फेऱ्यांच्या नऊपट असते. म्हणून वेग वाढविताच दोष झाकला जातो. नाहीसा होत नाही.

प्रथम ठोका ऐकावा

एंजिन चांगले तापल्यावर गाडी सपाट जागी उभी करावी, हातब्रेक ओढावा, चाकांना दगड लावावेत व गिअर काढून ठेवावा. सायलेन्सरच्या तोंडाशी कागदाची एक लांब पट्टी धरावी. पट्टी एका लयीत फडफडत असेल, तर चारही सिलिंडर काम करीत आहेत असे समजावे. लय मधूनमधून तुटत असेल, तर एखादा सिलिंडर कमी काम करीत आहे.

ठोका एकसारखा असूनही गाडी थरथरत असेल, तर दोष बहुधा आधारात असतो. एंजिन ज्या रबरी आधारांवर बसविलेले असते व ज्यांना कारागीर फाउंडेशन म्हणतात, ते पाहावेत. तेल व डिझेल झिरपून रबर फुगते, भेगाळते किंवा लोखंडी पट्टीपासून सुटते. सायलेन्सरची नळी चॅसीस टेकते काय, तेही पाहावे. मंद गती ठरविलेल्या प्रमाणाहून कमी असल्यासही एंजिन हलते. ती गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे लावावी. मात्र तुटक ठोका झाकण्यासाठी गती वाढवू नये. क्लच दाबताच थरथर बदलल्यास क्लचची तपासणी करावी. गाडी धावत असतानाच थरथर येत असेल, तर चाकांचा तोल व प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस पाहावेत. एंजिन उघडू नये.

ठोका तुटत असल्यास

स्वस्त कारणापासून आरंभ करावा. पावसाळ्यात अर्धवट भरलेल्या टाकीत दमट हवेतील पाणी जमते. फिल्टरच्या तळाशी साचलेले पाणी काढावे व फिल्टर मुदतीबाहेर गेला असल्यास बदलावा. नंतर हातपंपाने डिझेल चढवून नळीतील हवा काढावी. बुडबुडे पुन्हा पुन्हा येत असल्यास टाकीकडून पंपाकडे येणाऱ्या नळीचा एखादा सांधा हवा ओढीत असतो. अशा ठिकाणी डिझेल बाहेर गळतेच असे नाही, म्हणून प्रत्येक सांधा व वॉशर पाहावा.

एवढ्याने सुधारणा न झाल्यास कोणता सिलिंडर दुर्बल आहे ते शोधावे. मंद गतीवर एकेका नोझलच्या नळीचा नट अर्धा फेरा सैल करावा व पुन्हा घट्ट करावा. नट सैल करताच एंजिन अधिक अडखळले, तर तो सिलिंडर काम करीत होता. काहीच फरक पडला नाही, तर दोष तेथेच आहे. हे काम अनुभवी कारागिराकडून करवावे. डोळ्यांस चष्मा असावा, नटावर कापड धरावे व हात फवाऱ्यापासून दूर ठेवावा. दाबाखालील डिझेल कातडीत शिरते व अशी जखम दिसण्यास लहान असली तरी तिला तत्काळ डॉक्टरी उपचार लागतात. कॉमन रेल पद्धतीच्या नव्या गाड्यांवर ही कसोटी मुळीच करू नये. त्यांतील दाब एक हजार बारहूनही अधिक होतो व तो प्राणघातक ठरू शकतो. तेथे संगणकावरील तपासणीच करवावी.

दुर्बल सिलिंडर सापडल्यावर एंजिन बंद करून त्याचे नोझल शेजारच्याशी बदलावे व तांब्याचे वॉशर नवे घालावेत. दोष नोझलबरोबर सरकला, तर ते नोझल दुरुस्त करावे. दोष जागीच राहिला, तर टॅपेटचे अंतर मोजावे. ते फार कमी झाल्यास व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही व दाब निसटतो. ही दुरुस्ती थोडक्या खर्चात होते. त्यानंतर चारही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन मापावे. एकाचे फारच कमी भरल्यास व्हॉल्व्ह, रिंगा किंवा हेड गॅसकेट खराब झाले असा निष्कर्ष निघतो. चारही ठीक असतील, तरच पंपाकडे वळावे.

धुराची साक्ष

काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल अधिक. प्रथम हवेचा फिल्टर पाहावा. निळसर धूर जळणाऱ्या ऑइलचा असतो. थंड एंजिनाचा पांढरा धूर न जळलेल्या डिझेलचा असतो; तो थोड्या वेळात थांबून ठोकाही सुरळीत झाल्यास ग्लो प्लग तपासावेत. पांढरा धूर टिकून रेडिएटरमधील पाणी घटत असेल, तर हेड गॅसकेटचा संशय घ्यावा व गाडी चालविणे थांबवावे.

एका वेळी एकच बदल करावा आणि त्याचा परिणाम पाहून मगच पुढे जावे. केलेला बदल, तारीख व गाडीचे किलोमीटर एका वहीत टिपून ठेवावेत. ही वही कारागिरापुढे ठेवल्यास त्याचा वेळ वाचतो व निर्दोष भाग उघडण्याचा खर्च टळतो. ही तपासणी हंगामापूर्वीच उरकून घ्यावी. माल तयार झाल्यावर त्यास सवड मिळत नाही.