टोंगळे दुखले की मेडिकलवरून गोळी? तीच गोळी कधी चालते आणि कधी किडनीवर बेतते, समजून घ्या

लातूरच्या गंजगोलाईत जा, नाहीतर नांदेडच्या वजिराबादमध्ये. कुठल्याही मेडिकलसमोर दहा मिनिटं उभं राहिलात तर एक वाक्य हमखास कानावर पडतं. "दादा, टोंगळ्याची गोळी द्या ना, मागच्या वेळी दिली होती ती."

गोळी मिळते. तासाभरात दुखणं उतरतं. सोयाबीनची काढणी असो, ऊसतोड असो की घरातला झाडू-पोछा, काम थांबत नाही. मग पुढच्या आठवड्यात पुन्हा तीच पट्टी. मग रोज एक. मग सकाळ-संध्याकाळ.

आता ही गोळी वाईट आहे का? तर नाही. संधिवातात, लचक भरल्यावर, दात दुखताना डॉक्टर स्वतः ती लिहून देतात. पण ती कुणी घेतली, कोणत्या दिवशी घेतली आणि कशासोबत घेतली, यावर सगळं ठरतं. एका माणसाला एका दिवशी आराम देणारी गोळी, त्याच माणसाला दुसऱ्या दिवशी दवाखान्यात पोहोचवू शकते.

हे कसं होतं, ते सोप्या भाषेत बघू.

ही गोळी नेमकं करते काय?

डायक्लोफेनॅक, अ‍ॅसेक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, नेप्रोक्सेन, इटोरिकॉक्सिब, निमेसुलाइड. ही सगळी एकाच कुटुंबातली औषधं. सूज आणि वेदना दोन्ही कमी करणारी.

शरीरात कुठं इजा झाली की तिथं प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार होतात. त्यांच्यामुळं सूज येते आणि दुखणं जाणवतं. अ‍ॅस्पिरिनसारखी औषधं ही रसायनं तयारच होऊ देत नाहीत, हे ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवून दिलं. १९८२ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेलही मिळालं.

पण मेख इथंच आहे. हीच रसायनं पोटाच्या आतल्या अस्तराला आम्लापासून वाचवतात. हीच रसायनं किडनीकडं जाणारी रक्तवाहिनी मोकळी ठेवतात. गोळीला तुमचा टोंगळा आणि तुमची किडनी यातला फरक कळत नाही. ती सगळीकडंच काम करते.

आणि हो, पॅरासिटामॉल या कुटुंबात धरत नाहीत. ती ताप आणि वेदना कमी करते, सुजेवर तिचा फारसा उपयोग होत नाही. हा फरक लक्षात ठेवा, पुढं कामाला येईल.

"मी पॅन-डी सोबत घेतो, मला काय होतंय?"

हा सगळ्यात मोठा गैरसमज. पॅन्टोप्रॅझोलसारखी अ‍ॅसिडिटीची गोळी पोटात अल्सर होण्याचा धोका कमी करते, हे खरंय. म्हणूनच डॉक्टर ती सोबत देतात. पण ती फक्त पोट सांभाळते. किडनी आणि हृदयावर होणारा परिणाम तिच्यानं थांबत नाही.

दुसरा गैरसमज सुईचा. "गोळीनं पोट खराब होतं, त्यापेक्षा सुई द्या डॉक्टर." पण औषध सुईतून गेलं तरी रक्तातच जातं आणि रक्तातून पोटाच्या अस्तरापर्यंत, किडनीपर्यंत पोहोचतंच. सुईमुळं आराम लवकर पडतो, पण धोका संपत नाही.

उपाशीपोटी गोळी घेऊ नका, हा सल्ला पाळायचाच. जळजळ कमी होते. पण जेवून घेतली म्हणजे कितीही दिवस चालेल, असा त्याचा अर्थ नाही.

मराठवाड्याचा उन्हाळा आणि किडनी

आता आपल्या भागाचा विषय. एप्रिल-मे मध्ये नांदेड-लातूरकडं पारा ४२ अंशांच्या पुढं जातो. पाण्याचं म्हणाल तर एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, हे अजून कुणी विसरलेलं नाही. टंचाई नसतानाही शेतात, वीटभट्टीवर, बांधकामावर राबणारी माणसं दिवसभरात पुरेसं पाणी पीत नाहीत. बाया तर आडोसा नसतो म्हणून मुद्दाम कमी पितात.

शरीरात पाणी कमी झालं की किडनीकडं जाणारं रक्त कमी होतं. अशा वेळी तीच प्रोस्टाग्लँडिन रक्तवाहिनी रुंद ठेवून किडनीला सांभाळून घेतात. म्हणजे किडनीला त्यांची गरज सगळ्यात जास्त असते, नेमकं तेव्हाच आपण अंगदुखीची गोळी घेऊन ती बंद करतो. परिणामी किडनीचं काम अचानक मंदावू शकतं. जुलाब-उलट्या सुरू असतानाही हेच घडतं.

त्यात बीपीची गोळी सुरू असेल तर धोका आणखी वाढतो. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल यांपैकी एक औषध, सोबत लघवी वाढवणारी गोळी आणि वर ही वेदनाशामक, असं त्रिकूट किडनीसाठी धोकादायक मानलं जातं. बीपीच्या अनेक गोळ्यांमध्ये टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारं औषध एकत्रच असतं. त्यामुळं "मी तर बीपीची एकच गोळी घेतो" म्हणणाऱ्याच्या पोटात प्रत्यक्षात दोन औषधं गेलेली असतात. शिवाय वेदनाशामकामुळं बीपी वाढूही शकतो.

म्हणून बीपी, शुगर, किडनीचा आजार असेल, किंवा वय साठीच्या पुढं असेल, तर ही गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच. पण म्हणून बीपीची गोळी स्वतःहून बंद करू नका. थांबवायची ती वेदनाशामक.

ताप आणि सांधेदुखी एकत्र असेल तर?

बार्शीत १९७३ मध्ये चिकुनगुन्याची साथ आली होती. त्यानंतर हा आजार देशातून जवळपास दिसेनासा झाला आणि २००६ मध्ये महाराष्ट्र, कर्नाटक, आंध्रात एकदम उसळला. मराठवाड्यातल्या गावांनीही तो भोगला. ताप गेला, तरी सांधे महिनोन् महिने दुखत राहिले. आफ्रिकेतल्या माकोंदे भाषेतून आलेल्या या नावाचा अर्थच दुखण्यानं वाकून जाणं असा आहे.

आता पावसाळ्यात ताप आला, अंग मोडून आलं, सांधे धरले की आपण म्हणतो, "चिकुनगुन्याच आहे, दुखायची गोळी घेऊ." इथं चूक होते. कारण सुरुवातीला डेंग्यूही असाच दिसतो. डास तोच, मोसम तोच. डेंग्यूमध्ये प्लेटलेट कमी होतात, रक्तस्राव होण्याची भीती असते. आणि या गटातल्या गोळ्या रक्त गोठण्याच्या कामात अडथळा आणतात, पोटात रक्तस्राव घडवू शकतात.

म्हणून नियम सोपा आहे. डेंग्यू नाही हे तपासणीतून कळेपर्यंत तापात फक्त पॅरासिटामॉल आणि भरपूर पाणी. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, निमेसुलाइड, अ‍ॅस्पिरिन नाही.

नाव वेगळं, गोळी तीच

कॉम्बिफ्लाममध्ये आयब्युप्रोफेन आणि पॅरासिटामॉल असतं. झिरोडॉल-पी मध्ये अ‍ॅसेक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉल. एखाद्यानं डोकं दुखतंय म्हणून एक घेतली, टोंगळ्यासाठी दुसरी घेतली आणि ताप वाटतोय म्हणून वरून पॅरासिटामॉल. त्याला वाटतं तीन दुखण्यांवर तीन औषधं घेतली. प्रत्यक्षात एकाच कुटुंबातली दोन आणि पॅरासिटामॉलचा तिप्पट डोस झाला. आराम दुप्पट होत नाही, धोका मात्र वाढतो.

त्यामुळं पाकिटावरचं मोठं नाव वाचू नका, खालचं बारीक नाव वाचा. डायक्लोफेनॅक, अ‍ॅसेक्लोफेनॅक अशा शेड्यूल एच औषधांच्या वेष्टणावर डाव्या बाजूला उभी लाल रेघ असते. ती दिसली की समजायचं, हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायचं आहे.

निमेसुलाइडचं उदाहरण बघा. कित्येक वर्षं हे नाव घराघरात होतं. लिव्हरवर होणाऱ्या परिणामांच्या चिंतेमुळं २०११ मध्ये १२ वर्षांखालच्या मुलांसाठी त्यावर बंदी आली. डिसेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारनं १०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ताकदीच्या, लगेच विरघळणाऱ्या गोळ्यांवरही बंदी घातली. घरातल्या डब्यात जुनी पट्टी पडली असेल तर एकदा बघून घ्या.

हृदयाचंही तसंच. पोटाला सोसवणारी म्हणून गाजलेली रोफेकॉक्सिब ही गोळी हार्ट अटॅक आणि पक्षाघाताचा धोका वाढवते असं दिसल्यावर सप्टेंबर २००४ मध्ये कंपनीनं जगभरातून मागं घेतली. ज्यांची अँजिओप्लास्टी किंवा बायपास झालीय, ज्यांना हार्ट अटॅक किंवा पक्षाघात येऊन गेलाय, त्यांनी डायक्लोफेनॅक, इटोरिकॉक्सिबच्या वाटेला जाऊ नये. रक्त पातळ करणारी गोळी सुरू असेल तर तिच्यासोबत या गटातली कुठलीही गोळी घेतल्यास रक्तस्रावाचा धोका वाढतो.

मग घ्यायची तरी कशी?

- डॉक्टरांना आधी सगळं सांगा. बीपी, शुगर, हृदय, किडनी, अल्सर, दमा आणि सुरू असलेली प्रत्येक गोळी. जुनी चिठ्ठी सोबत न्या.
- कमीत कमी डोस, कमीत कमी दिवस. मोठ्या माणसासाठी अ‍ॅसेक्लोफेनॅकची दिवसाची मर्यादा साधारण २०० मिलिग्रॅम, डायक्लोफेनॅकची १५० मिलिग्रॅम. ही मर्यादा आहे, तिथपर्यंत पोहोचायलाच हवं असं नाही.
- एका वेळी या गटातलं एकच औषध.
- जेवणानंतर, भरपूर पाण्यासोबत. दारू घेतली असेल तर नाही.
- जुलाब, उलट्या, ऊन लागणं, उपवास, अशा दिवशी गोळी नाही.
- गरोदरपणात २० आठवड्यांनंतर या गोळ्या टाळायच्या. त्याआधीही विचारूनच.
- फक्त गुडघा किंवा हाताचे सांधे दुखत असतील तर आधी डायक्लोफेनॅकचं जेल लावून बघा. त्यातला फार थोडा भाग रक्तात जातो, म्हणून धोकाही कमी.
- रोज घ्यावीच लागत असेल तर बीपी, क्रिएटिनिन आणि हिमोग्लोबिन किती दिवसांनी तपासायचं, हे डॉक्टरांना विचारून ठेवा.

ही लक्षणं दिसली की गोळी बंद, दवाखाना सुरू

डांबरासारखी काळी शौच. रक्ताची उलटी. लघवी एकदम कमी होणं. पायावर, चेहऱ्यावर सूज. छातीत दुखणं, धाप लागणं. अंगावर पुरळ किंवा ओठ-जीभ सुजणं. यातलं काहीही झालं तर "उद्या बघू" म्हणू नका. नांदेडला विष्णुपुरीतलं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था, ही दोन्ही मोठी सरकारी रुग्णालयं आहेत. औषधाचा त्रास झाला तर १८००-१८०-३०२४ या टोल-फ्री नंबरवर त्याची नोंदही करता येते.

आणि सांध्याचं काय?

गोळी दुखणं दाबते, पण झिजलेला सांधा भरून काढत नाही. गुडघ्याच्या झिजेवर मांडीचे स्नायू मजबूत करणारा व्यायाम आणि वजन कमी करणं हा पायाभूत उपचार आहे. अभ्यासात असं दिसलंय की एक किलो वजन कमी झालं की चालताना गुडघ्यावरचा भार प्रत्येक पावलाला सुमारे चार किलोनं कमी होतो.

सकाळी उठल्यावर बोटं, मनगटं अर्धा तास, तासभर आखडलेली राहतात, दोन्ही हातांचे छोटे सांधे सुजतात, तर तो आमवात असू शकतो. तिथं नुसती वेदनाशामक घेत राहणं म्हणजे आजार अंगावर काढणं. आतून सांधा खराब होत राहतो आणि आपल्याला वाटतं गोळी लागू पडली. यावर वेगळी औषधं आहेत आणि ती जितक्या लवकर सुरू होतील तितका सांधा वाचतो.

एक शेवटची गोष्ट. सांधेदुखीवर 'शंभर टक्के आयुर्वेदिक' म्हणून सुट्टी विकली जाणारी, लेबल नसलेली पुडी एका दिवसात जादू करत असेल तर सावध व्हा. अशा पुड्यांमध्ये स्टेरॉइड किंवा हीच वेदनाशामक मिसळल्याचे प्रकार वेळोवेळी उघड झालेत.

घरात आई-वडील, आजी-आजोबा रोज गोळी घेत असतील तर आज एवढंच करा. त्यांचा औषधांचा डबा उघडा, प्रत्येक पट्टीवरचं बारीक नाव वाचा आणि त्यांचे फोटो काढून पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखवा. पाच मिनिटांचं काम आहे, पण एखादी किडनी त्यानं वाचू शकते.