शयनगृहातील मॅडोना

१५व्या शतकातील फ्लॉरेन्समध्ये सुस्थितीतल्या घराच्या शयनगृहात मेरी आणि बाळ येशू यांचे चित्र, म्हणजेच मॅडोना, बहुधा असेच. पॉपलरच्या फळीवर पांढरा लेप देऊन, अंड्याच्या बलकात कालवलेल्या रंगांनी ते रंगवीत. तेजोवलयाला सोन्याचा वर्ख लावीत. चर्चमधील वेदीचित्र दुरून, समुदायाने पाहायचे. हे मात्र हातभर अंतरावरून. म्हणून मेरी बहुधा कमरेपर्यंतच दिसते आणि बाळ अगदी बाळासारखे वागते. एखाद्या चित्रात त्याच्या मुठीत गोल्डफिंच पक्षी असतो. ती पुढील क्रूसाची सूचना. जोव्हान्नी डोमिनिची या डॉमिनिकन धर्मोपदेशकाने तर मुलांवरील संस्कारांसाठी घरात अशी चित्रे ठेवावीत, असा सल्ला शतकाच्या आरंभीच दिला होता.

मागणी मोठी, पण सारेच ग्राहक धनिक नव्हते. नेरी दी बिच्ची या चित्रकाराच्या १४५३ ते १४७५ या काळातील कामाच्या वहीत साच्यातून काढलेल्या स्वस्त मॅडोना रंगवून दिल्याच्या नोंदी आढळतात. कलेच्या इतिहासात या कारागिरीला मिळते त्याहून अधिक जागा मिळायला हवी.

चित्रापुढे मेणबत्ती लावीत. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातील दुच्चो या चित्रकाराच्या छोट्या मॅडोनाची (सुमारे १३००) मूळ चौकट खालच्या कडेला त्यामुळेच जळलेली आहे.