पंपाचं मशीन उघडताना आधी मेन स्विच बंद, मगच पाना हातात

पेरणीचे दिवस. पंपावर ट्रॅक्टरची रांग आणि नेमकं तेव्हाच एक मशीन बंद पडतं. कंपनीचा टेक्निशियन यायला संध्याकाळ होणार. मग कुणीतरी म्हणतं, "आपल्या वायरमनला बोलवा की, दोन वायरींचं तर काम!" धोका इथंच सुरू होतो. गावातली पोरं पंपावर कामाला असतात, त्यामुळे ही गोष्ट घराघराला माहीत हवी.

वाफ दिसत नाही, पण पेटते

पेट्रोलपेक्षा आधी पेटते ती त्याची वाफ. उणे ४० अंशातही ती पेट घेऊ शकते, मग आपल्या उन्हाळ्याचं काय सांगावं! ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. त्यामुळे ती उडून न जाता मशीनखालच्या खड्ड्यात, केबलच्या चरात, टाकीच्या मॅनहोलपाशी साचते. हवेत साधारण दीड टक्का वाफ असली तरी एक ठिणगी पुरते.

दुरुस्तीच्या वेळी

- मशीनचं बटन बंद करून भागत नाही. मेन बोर्डावरून लाईट तोडून कुलूप लावायचं, चावी काम करणाऱ्याच्या खिशात.
- काही पंपांवर मोटर टाकीतच असते आणि एकाच मोटरवर अनेक मशीन चालतात. शेजारचा नोझल उचलला की उघडलेल्या पाइपातही दाब येतो. म्हणून ती मोटरही बंद हवी आणि मशीनखालचा व्हॉल्व्हही.
- पाइपातलं उरलेलं तेल अर्थिंग जोडलेल्या धातूच्या भांड्यात काढायचं. प्लास्टिकच्या बादलीत स्थिर वीज साचून ठिणगी पडू शकते.
- गॅस तपासल्याशिवाय साधी टॉर्च, ड्रिल, ग्राइंडर जवळ नको.
- टँकर खाली होत असेल तर काम थांबवायचं.
- पावडरचं अग्निशामक आणि वाळूच्या बादल्या हाताशी हव्यात. पेट्रोलच्या आगीवर पाणी मारू नये, पेट्रोल पाण्यावर तरंगून आग पसरते.

खड्ड्यात उतरू नका

गॅस झालेल्या विहिरीत एक उतरतो आणि त्याला काढायला गेलेला दुसराही जातो, हे खेड्यात कुणाला सांगायला नको. पंपाची टाकी आणि खोल चेंबर तसंच. तपासणी, मोकळी हवा, कमरेला दोर आणि वर माणूस नसेल तर कुणीही उतरू नये.

नवीन मशीन बसवताना

वायरिंग, जोडपेट्या फ्लेमप्रूफ हव्यात, अर्थिंग मोजलेलं हवं आणि तेल सोडण्याआधी पाइपांची गळती तपासलेली हवी. मंजूर नकाशा सोडून मशीन हलवायचं तर पेसो या केंद्रीय संस्थेची आधी परवानगी लागते. तिचं मुख्यालय नागपूरलाच आहे.

गिऱ्हाइकानं काय करावं

मशीन उघडं दिसलं तर गाडी लांब उभी करा, इंजिन बंद ठेवा, बिडी-सिगारेट नको, बघायला गर्दी नको. मापाचं सील तोडून दुरुस्ती झाली असेल, तर वैधमापन विभागाची पुन्हा तपासणी आणि नवं सील लागल्यावरच विक्री करता येते. शंका वाटली तर पाच लिटरच्या मापानं मोजून मागा, तो तुमचा हक्क आहे.

रांगेतल्या माणसांनी घाई केली की पंपावरचा पोरगा नको ते धाडस करतो. एक दिवस उशीर झाला तरी पेरणी होते, गेलेला माणूस परत येत नाही.