संकेतस्थळांतर्गत शोध व सूचीकरणाचे नियंत्रण : जुन्नर-आंबेगाव परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना : पुणे जिल्ह्यातील जुन्नर व आंबेगाव तालुक्यांत नाणेघाटातील शिलालेख, शिवनेरी किल्ला, खोडदची रेडिओ दुर्बीण, डिंभे धरण अशी विविध अभ्यासस्थळे आहेत. त्यांची माहिती देणारे एखाद्या महाविद्यालयाचे संकेतस्थळ येथे उदाहरणादाखल घेता येईल.

सूचीकरण : संकेतस्थळावरील शोधासाठी ‘क्रॉलर’ ही आज्ञावली प्रत्येक पान वाचून त्यातील शब्दांची सूची तयार करते. प्रत्येक पानाच्या कडेला स्थळांची यादी असल्यास ‘नाणेघाट’ शोधताच डिंभे धरणाचे पानही समोर येते. म्हणून अशी यादी वगळून केवळ मुख्य मजकूर सूचीत घेणे आवश्यक ठरते. ‘पेजफाइंड’सारख्या साधनांत त्यासाठी पानाच्या एचटीएमएलमध्ये खुणा करता येतात.

नियंत्रण : मार्टाइन कोस्टर यांनी 1994 मध्ये मांडलेल्या व आयईटीएफने 2022 मध्ये ‘आरएफसी 9309’ म्हणून प्रसिद्ध केलेल्या संकेतानुसार ‘रोबोट्स’ फाइल क्रॉलरला पान वाचण्यास मनाई करते. ‘नोइंडेक्स’ ही सूचना मात्र पान वाचूनही सूचीत न घेण्यास सांगते. फाइलने अडविलेल्या पानातील ‘नोइंडेक्स’ क्रॉलरला दिसतच नाही. परिणामी, अन्यत्र दुवा असल्यास त्या पानाचा पत्ता सार्वजनिक शोधयंत्रात येऊ शकतो.

निष्कर्ष : दोन्ही उपाय क्रॉलरच्या सहकार्यावर अवलंबून आहेत, ते कुलूप नव्हेत. विद्यार्थ्यांच्या दूरध्वनी क्रमांकांची यादी सूचीतून वगळली, तरी पत्ता ठाऊक असणाऱ्यास ती उघडता येते. अशी माहिती संकेतशब्दाने सुरक्षित ठेवावी किंवा संकेतस्थळावर देऊच नये.