उपाशी असेल तरच राबतो

वसई पूर्वेला तबेल्यामागे सांडपाण्याचा चर असेल, तर त्यात पॅरा गवत दिसायची शक्यता मोठी. पाण्यात उभं राहूनही ते कुजत नाही, कापलं की पुन्हा फुटतं आणि म्हशी चवीने खातात. संपादकांनी जिवाणू खतांवर लिहायला सांगितलं तेव्हा मला हेच गवत आठवलं. कारण त्याच्याच भाऊबंदांवर, ब्रॅकिएरिया गवतांवर, ब्राझीलमध्ये युरियाचा एक हप्ता जिवाणूंनी वाचवून दाखवला आहे.

त्यामागे योहाना डोबेराइनर या बाई. १९२४ साली बोहेमियात जन्म, महायुद्धानंतर ब्राझील, आणि मग आयुष्यभर मुळांभोवतीचे जिवाणू. हवेतलं नत्र पकडणारं विकर प्राणवायू लागला की निकामी होतं. जिवाणूला तर श्वासाला प्राणवायू हवाच. त्यांतला ॲझोस्पिरिलम नावाचा जिवाणू हा तिढा कसा सोडवतो, ते बाईंच्या परीक्षानळीत दिसतं. नळीत अर्धवट थिजलेलं, नत्राचं खाद्य न घातलेलं माध्यम. त्यात गवताच्या मुळाचा तुकडा टाकायचा आणि नळी अजिबात हलवायची नाही. काही दिवसांत पृष्ठभागाच्या जरा खाली पातळ पांढरा पडदा धरतो, साय वर न येता आतच धरावी तसा. जिवाणू शेपटी हलवत नेमक्या त्या खोलीवर जमतात, जिथे श्वासापुरता प्राणवायू आहे, पण विकर बिघडण्याइतका नाही. जमाव वाढला की पडदा वर सरकतो. डोळे नाहीत, मेंदू नाही, आणि जागा मात्र अचूक!

पण हा जिवाणू हरभऱ्याच्या मुळांतल्या गाठीत राहून झाडाला नत्र वाढणारा नव्हे. पकडलेलं बरंचसं तो स्वतःसाठीच ठेवतो. गवताला खरा फायदा होतो तो त्याच्या संप्रेरकांनी: मुळं फुटतात, मूळकेस वाढतात आणि घातलेलं खत वाया कमी जातं. संशोधक मारियांजेला हुंग्रिया यांच्या ब्राझीलमधल्या प्रयोगांत हा फायदा हेक्टरी ४० किलो नत्राच्या दुसऱ्या हप्त्याइतका भरला. म्हणजे युरियाच्या जवळपास दोन गोण्या. पहिला हप्ता मात्र द्यावाच लागला होता. २०२५ चा जागतिक अन्न पुरस्कार हुंग्रियांना मिळाला.

हे इकडे आणायचं तर कुठे? तबेल्यामागच्या चरात नको. तिथे शेण-मूत्राचा अमोनिया इतका, की जिवाणू नत्र पकडणं सरळ बंद करतो; आयतं मिळत असताना तो कशाला राबेल? वरकस जमिनीवरच्या गवताची अडचण उलटी. मुंबईच्या म्हशींसाठी पालघरकडचं हे गवत पिढ्यान्‌पिढ्या कापलं गेलं. ते पावसावर आपसूक उगवतं. तिथे युरिया कोणी टाकत नाही, मग कमी काय करणार? आणि जे पेरलंच नाही, त्याला जिवाणू लावायचा कसा?

उरतं बागायती नेपियर गवत. ते कांड्यांपासून लावतात, तेव्हा जिवाणूच्या द्रावणात कांड्या बुडवणं सोपं. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचं फुले जयवंत हे वाण त्यातलंच. जिवाणूंची पाकिटंही महाराष्ट्रात नवी नाहीत. नियमाप्रमाणे भुकटीच्या एका ग्रॅममध्ये किमान पाच कोटी जिवंत जिवाणू हवेत. पण मे महिन्यात पत्र्याखालच्या दुकानात पडून राहिलेल्या पाकिटात त्यातले किती उरतात, ते डोळ्यांना दिसत नाही. गोणीतला युरिया तरी हातात धरून बघता येतो.

आणि तो स्वस्त आहे. ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना. दोन गोण्या वाचल्या तर हेक्टरी ५३३ रुपये. तेवढ्यासाठी पाकिटाची तारीख बघा, ते सावलीत जपा, कांड्या भिजवा, हा व्याप तबेलेवाल्याने का करावा? युरियाची उरलेली किंमत सरकार अनुदानातून भरतं. ती त्याच्या खिशाला कधी लागतच नाही.