मांडव आहे, वेल नाही

माळशेज घाट चढून ओतूरकडे येऊ लागलं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना वेलींची बडदास्त दिसायला लागते. टोमॅटोला बांबू आणि सुतळी, कारल्या-दोडक्याला तारेचा मांडव, जुन्नर-नारायणगावच्या बाजूला द्राक्षांसाठी लोखंडी अँगल. कुठली तार किती ताणायची आणि पावसाळ्यात कुठला खांब आधी कलणार, हे इथल्या शेतकऱ्याला शिकवावं लागत नाही. त्याला हॉपच्या मळ्याचा फोटो दाखवला, तर त्याचा पहिला प्रश्न बीअरविषयी नसेल. ‘एवढा उंच मांडव कशाला?’ असंच तो विचारील.

मांडव उंच असतो, कारण वेलच तशी आहे. वसंतात जमिनीतून कोंब वर येतो आणि तीन-चार महिन्यांत पाच-सहा मीटरवर जाऊन पोचतो. हॉप ही भांगेच्या कुळातली वेल. तिला द्राक्षासारखे तणावे नसतात. खोडावरच्या आकडेदार लवेनं ती दोरी धरते आणि घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं वळसे घेत चढते. नर आणि मादी वेली वेगळ्या. बीअरला हवी असतात मादी वेलीची फिकट हिरवी, कागदी पाकळ्यांची बोंडं. बोंड उकललं की पाकळ्यांच्या बुडाशी पिवळी भुकटी दिसते. तिला लुप्युलिन म्हणतात. बीअरचा कडूपणा आणि बराचसा सुवास त्या चिमूटभर भुकटीत असतो.

आपण कारल्याच्या भाजीत गूळ घालतो, त्यातलंच हे शास्त्र, फक्त उलट्या बाजूनं. धान्याचा काढा गोड होतो, म्हणून त्यात कडू घालायचं. शिवाय हॉप बीअर नासवणाऱ्या अनेक जिवाणूंना आवर घालतो. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडहून मुंबई-कलकत्त्याला येणाऱ्या गलबतांवर पिंपं महिनोन्‌महिने हेलकावे खात असत. त्या प्रवासाला जास्त हॉपची बीअर चांगली टिके. आज जगभर ‘इंडिया पेल एल’ नावानं जी कडवट बीअर मिळते, तिच्या नावात इंडिया आला तो असा, गिऱ्हाईक म्हणून.

सत्त्व आणि माल्ट

बीअरला चार गोष्टी लागतात: धान्य, पाणी, हॉप आणि यीस्ट. १५१६ मध्ये बव्हेरियात निघालेल्या प्रसिद्ध फर्मानात मात्र तीनच लिहिल्या होत्या. जव, हॉप, पाणी. यीस्ट म्हणजे काय, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. लुई पाश्चरचा बीअरवरचा ग्रंथ यायला १८७६ साल उजाडावं लागलं.

हॉप सोडला तर बाकीच्या तिन्हींची ओळख आपल्या स्वयंपाकघराला जुनी आहे. तान्ह्या बाळासाठी नाचणीचं सत्त्व करणारी आजी काय करते? नाचणी भिजवते, फडक्यात बांधून मोड आणते, सावलीत वाळवते आणि दळते. जवाचा माल्ट करणारा कारखानाही तेच करतो. भिजवणं, मोड आणणं, मग भट्टीत वाळवून तो मोड नेमक्या वेळी थांबवणं. मोड येताना दाण्यात अशी विकरं तयार होतात, जी पिठूळ स्टार्च फोडून त्याची साखर करतात. म्हणून मोडाच्या पिठाची पेज गोडसर लागते आणि घट्ट न होता पातळ राहते. बाळाला ती पचते. यीस्टला तर फारच आवडते.

जुन्नर आणि आंबेगावच्या पश्चिमेला, डोंगरउतारावरच्या आदिवासी गावांत, नाचणी आणि वरई पिकते. तिथे आणि खाली सपाटीवरच्या गावांतही पीठ रात्रभर आंबवून केलेली आंबील ओळखीची. आंबवणं म्हणजे नासवणं नव्हे, हे आपल्या जिभेला कधीच पटलेलं आहे.

दारूच्या बाबतीत मात्र मराठीत एकच क्रियापद रुळलं: गाळणं. गाळणं म्हणजे ऊर्ध्वपातन, वाफ धरून थेंब जमवणं. बीअर गाळत नाहीत, आंबवतात. त्यामुळे तिच्यात मद्यार्क साधारण चार ते सात टक्के असतो, आणि धान्याची चव शिल्लक राहते. हातानं, थोडी थोडी बीअर करणाऱ्यांचा सगळा डाव त्या शिल्लक राहिलेल्या चवीवर असतो.

देवळालीचा ताप

महाराष्ट्रात हा डाव मांडला गेला पुण्यात. सुकेतू तळेकर आणि प्रतीक चतुर्वेदी यांनी ऑलिव्हर शाउफ या जर्मन ब्रुअरला सोबत घेऊन २००९ मध्ये पुण्यातल्या एका हॉटेलच्या आवारात ‘डूलाली’ सुरू केली. जागच्या जागी बीअर बनवायची आणि तिथेच ग्लासात ओतायची, हा प्रकार तोवर इथे अनोळखी होता. बीअर म्हणजे बाटली, बाटली म्हणजे परमिट रूम, आणि चव म्हणजे ‘थंड आहे ना?’ एवढंच. त्या गिऱ्हाइकासमोर गव्हाची गढूळ बीअर आली. तिला पिकल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास. आत ना केळं ना लवंग. दोन्ही वास त्या जातीच्या यीस्टनं तयार केलेले.

नावाची गोष्ट तर अस्सल आपल्याकडची. नाशिकजवळ देवळालीला गोऱ्या फौजेची छावणी होती. नोकरीची मुदत संपलेले शिपाई विलायतेला जाणाऱ्या जहाजाची वाट बघत तिथे पडून राहत. काम नाही, ऊन मरणाचं, हिवतापाची भीती आणि दारू मुबलक. काहींचं डोकं फिरे. त्याला शिपाई ‘डूलाली टॅप’ म्हणू लागले. डूलाली म्हणजे देवळाली आणि टॅप म्हणजे आपला ताप. इंग्रजी कोशात ‘डूलाली’ हा शब्द वेडसर या अर्थानं आजही आहे. मराठी गावाचं नाव साहेबाच्या तोंडात बिघडलं, विलायतेला गेलं आणि शे-दीडशे वर्षांनी बीअरच्या ग्लासावर बसून पुण्यात परतलं.

डूलालीनं पुढे २०१५ मध्ये मुंबईत अंधेरीला टॅपरूम काढली. पुण्यात मुंढव्याला इंडिपेंडन्स ब्रुइंग कंपनी आली, मागोमाग आणखी काही. कोकम, जांभूळ, आंबा असं देशी सामान पिंपात पडू लागलं. हॉप मात्र परदेशातूनच येत राहिला. बोंडं वाळवून, दाबून केलेल्या हिरव्या गोळ्या, हवाबंद पाकिटात, थंडगार खोलीत जपलेल्या.

घोट कसा घ्यायचा

बीअर चाखण्याच्या बैठकीला पहिल्यांदा जाणारा माणूस थोडा हिरमुसतो. समोर येते एक लाकडी फळी आणि तिच्यात बसवलेले चार-सहा छोटे ग्लास. प्रत्येकात दोन-चार घोट. फिकट बीअरपासून गडद बीअरकडे जायचं, कारण भाजक्या माल्टची काळी बीअर आधी प्यायली तर पुढची फिकी पाण्यासारखी लागते. ग्लास अर्धा रिकामा असतो, तो वास साठायला जागा म्हणून. आधी नाक, मग जीभ. मध्ये साध्या पाण्याची चूळ. मसाला शेंगदाण्यांची बशी लांब, नाहीतर सगळी बैठक तिखटमिठातच संपते.

शिकवणारा बरा असेल तर चांगल्या बीअरइतकंच बिघडलेल्या बीअरविषयी बोलतो. उकडलेल्या मक्याच्या कणसाचा वास आला तर काढा नीट उकळला नाही. लोण्याचा आला तर आंबण्याचं काम पुरतं होऊ दिलं नाही. ओल्या पुठ्ठ्याचा आला तर आत हवा शिरली, बीअर शिळी झाली. हॉपच्या बीअरवर उजेड पडला की तिला उग्र दुर्गंधी सुटते. तपकिरी बाटलीचं कारण तेच. तासाभरात माणसाला कळतं, की ‘कडू’ हा एक शब्द पुरत नाही. मेथीचा कडू वेगळा, कारल्याचा वेगळा, संत्र्याच्या सालीचा वेगळा. हे सगळे शब्द मराठीत आधीपासून आहेत. बीअरसाठी ते कुणी काढले नव्हते, इतकंच.

वीस लिटरचं पातेलं

दुसरी पायरी म्हणजे बीअर बनवण्याचा वर्ग. सामान भीतीदायक नसतं: मोठं पातेलं, थर्मामीटर, गाळणी, झाकणाचं पिंप. वीस लिटर बीअरला चार-साडेचार किलो माल्ट लागतो. तो दळायचा नाही, भरडायचा. टरफल अखंड राहिलं पाहिजे, कारण पुढे तेच गाळणीचं काम करतं. भरड ६५ ते ६७ अंश गरम पाण्यात तासभर मुरवायची. तापमान फार वर गेलं तर विकरं मरतात, फार खाली राहिलं तर आळसावतात. चमचाभर काढ्यावर आयोडीनचा थेंब टाकला आणि तो काळानिळा झाला नाही, तर समजायचं स्टार्च संपला, साखर झाली. हा काढा चाखायला मिळतो. तो उसाच्या रसासारखा गोड असतो, पण त्याला धान्याचा वास येतो.

मग तासभर उकळी. सुरुवातीला घातलेला हॉप कडूपणा देतो, शेवटच्या पाच मिनिटांत घातलेला सुवास. फोडणीत हिंग आधी आणि कोथिंबीर शेवटी, हे ज्याला कळतं त्याला हेही कळतं. काढा झटपट वीस अंशांच्या आसपास आणायचा, यीस्ट सोडायचं आणि झाकायचं. दुसऱ्या दिवशी झाकणावरच्या नळीतून बुडबुडे येऊ लागतात. पुढचे दोन आठवडे हात लावायचा नाही. वर्गात सगळ्यांत जास्त वेळ ढवळण्यात जात नाही, भांडी घासण्यात जातो. लोणच्याच्या बरणीला ओला चमचा लावू न देणारी घरं या धड्यात आधीच पास झालेली असतात.

अमेरिकेत १९७८ च्या कायद्यानं घरी पिण्यापुरती बीअर करायला मुभा दिली, आणि आज तिथे गाजणाऱ्या कितीतरी ब्रुअऱ्यांचा जन्म तशा गॅरेजमध्ये झाला. तिथल्या मराठी घरात तळघरात पिंप ठेवलं तर पोलीस येणार नाहीत. ओतूरला येतील. १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय मद्य बनवणं महाराष्ट्रात गुन्हा आहे, मग ते विकायचं असो की पाहुण्याला पाजायचं. म्हणून आपल्याकडे हात घालून शिकायची जागा म्हणजे परवाना असलेली ब्रुअरी.

या कायद्याला नुसतं जुनाट म्हणून भागत नाही. महिला मतदारांनी ‘आडवी बाटली’ला कौल देऊन गावातलं दुकान बंद पाडायची तरतूदही याच राज्यात आहे, आणि ती बायकांनी भांडून वापरली आहे. हातभट्टीनं उद्ध्वस्त झालेलं घर ज्या गावानं पाहिलं आहे, तिथे केळ्या-लवंगेच्या वासाचं कौतुक जपूनच सांगावं. दोन घोटांत चव ओळखायला शिकवणारी कला, आणि चव न कळताच ग्लास रिता करणारी सवय, यांतला फरक कायद्याला दिसत नाही. तो माणसाला दिसावा लागतो.

सव्वातेरा तासांचा दिवस

आता त्या बागायतदाराचा खरा प्रश्न. मांडव आहे, पाणी आहे, हात आहेत. वेल का नाही?

कारण ती सूर्याकडे बघून वाढते. उन्हाळ्यात दिवस लांबत जातो तोवर ती नुसती चढते. दिवस आखूड होऊ लागले की फुलोरा धरते. जर्मनीतल्या हॉलरटाऊमध्ये जूनचा दिवस सोळा तासांचा असतो. ओतूर साधारण १९ अंश अक्षांशावर. इथला मोठ्यात मोठा दिवस सव्वातेरा तासांचा. वेलीला वाटतं हंगाम सरत आला, आणि ती गुडघाभर उंचीवरच बोंडं धरायला बघते. त्यात हिवाळ्यात तिच्या मुळांना काही आठवडे कडाक्याची थंडी आणि झोप लागते. भारतात हॉप रुळला तो हिमाचलच्या लाहौल खोऱ्यात, तीन हजार मीटर उंचीच्या आसपास.

पण जुन्नरचा शेतकरी इतक्यात मान डोलावणार नाही. द्राक्षही थंड मुलखातलं, हिवाळ्यात झोपणारं. इथे त्याला झोप मिळेना, तर आपल्या लोकांनी एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी अशी दोनदा कात्री चालवून त्याचं वर्षच नव्यानं बांधलं. नारायणगावला शामराव चौगुल्यांनी फ्रेंच तंत्रानं फसफसणारी वाइन केली आणि ‘ओमर खय्याम’ नावानं ती परदेशी विकली. पुढे त्यांची ‘शातो इंडाज’ ही कंपनी कर्जाच्या ओझ्याखाली कोसळली. मातीनं साथ दिली होती, हिशेबानं दिली नाही.

हॉपलाही फसवता येतं. फ्लोरिडात आणि ब्राझीलमध्ये रात्री दिवे लावून वेलीला दिवस लांब असल्याचं भासवतात. शेवंतीचा फुलोरा दिव्यांनी लांबवणाऱ्याला ही युक्ती सांगावी लागणार नाही. त्याला विचारावं लागेल ते विजेचं बिल, आणि मुळात माल घेणार कोण हे.

बिलाची भीती वाटत असेल, तर पूर्वेकडे बघावं. सिक्कीम आणि पूर्व नेपाळात कोदो आंबवून वेळूच्या उभ्या भांड्यात भरतात, वरून गरम पाणी ओततात आणि नळीनं चोखतात. त्याला तोंगबा म्हणतात. त्यात हॉपचं एक बोंडही नसतं. आणि कोदो म्हणजे दुसरंतिसरं काही नाही, आपली नाचणीच. युरोपातही हॉप येण्याआधी शतकानुशतकं रानातल्या पाल्यावर बीअर होत असे. जिथे जे कडू-तुरट उगवे, ते पातेल्यात पडे.

जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात तुरट म्हणून जे उगवतं, ते पोत्यांनी बाजारात जातं. त्याचं नाव हिरडा. तो बीअरमध्ये शोभेल की नाही, हे परवाना असलेल्या एखाद्या पातेल्यात करून बघितल्याशिवाय कळायचं नाही. पण सहा मीटरचा मांडव घालून दिव्यांखाली परदेशी वेल जागवण्याआधी, मोड आलेली नाचणी आणि घरचा हिरडा एकदा समोरासमोर बसवून बघायला हरकत नाही. मांडव तोवर कारल्याला आहेच.