पेशींच्या पाठराखिणी

उकडलेलें अंडें गार केलें म्हणून पुन्हां पातळ होत नाहीं, हें प्रत्येक गृहिणी जाणते. अंड्याच्या पांढऱ्यांतील प्रथिनांच्या घड्या उष्णतेनें उलगडतात, त्यांचे धागे एकमेकांत गुंततात आणि घट्ट गोळा बनतो. जिवंत पेशीही प्रथिनांनींच भरलेली असते. चार-पांच अंश उष्णता वाढली कीं तिच्या कांहीं नाजूक प्रथिनांच्या घड्या विस्कटूं लागतात. मग तापांत माणूस वांचतो कसा?

या प्रश्नाचा धागा इटलींत केवळ अपघातानें हातीं लागला. फेरुच्चो रितोस्सा हे फळमाशीच्या अळीच्या लाळग्रंथींतील गुणसूत्रें पाहात असत. एकदां कोणी सहकाऱ्यानें उबवणीच्या पेटीचें उष्णतामान वाढवून ठेवलें, आणि गुणसूत्रांवर भलत्याच जागीं फुगवटे दिसूं लागले. फुगवटा म्हणजे तेथील जनुक कामास लागल्याची खूण. ही हकीकत एका नामांकित नियतकालिकानें बिनमहत्त्वाची ठरवून परत केली. १९६२ सालीं ती दुसरीकडे छापून आली. त्या जनुकांपासून होणारीं प्रथिनें ओळखावयास १९७४ साल उजाडलें.

त्यांतील एकाला, सुमारें सत्तर हजार या आण्विक वजनावरून, एचएसपी-७० म्हणतात. अशा प्रथिनांना इंग्रजींत तरुण मुलीसोबत वावरणाऱ्या पोक्त बाईचें नांव आहे. मराठींत त्यांना पाठराखिणी म्हणणेंच शोभेल. पाठराखीण नवरीबरोबर सासरीं जाते, पण संसार तिचा नव्हे. तसेंच हें प्रथिन उलगडलेल्या प्रथिनाचा चिकट भाग धरून ठेवतें, त्याला भलत्याशीं गुंतूं देत नाहीं, आणि मग सोडून देतें. या धरण्या-सोडण्यांत ऊर्जा खर्च होते. घडी मात्र ज्याची त्यानेंच घालावयाची.

परंतु उष्णतेची वर्दी पेशीला देतो कोण? खरें चातुर्य येथेंच आहे. एरवीं पाठराखिणी एका नियामक प्रथिनाला अडकवून ठेवतात. उष्णता वाढली कीं विस्कटलेल्यांकडे त्यांना धांवावें लागतें. नियामक प्रथिनें मोकळीं होतात, तीन-तीन मिळून गुणसूत्रावर बसतात आणि नव्या पाठराखिणींचीं जनुकें चालू करतात. पुरेशा पाठराखिणी झाल्या कीं त्याच त्यांना पुन्हां आवरतात. वेगळा तापमापक लागतच नाहीं. कॅडमियम, सोमल किंवा मद्यार्क यांनींही हाच प्रकार घडतो.

आधीं सौम्य उष्णता सोसलेली पेशी नंतर एरवीं मारक ठरणाऱ्या उष्णतेंतही तग धरते. वार्धक्यांत मात्र ही तत्परता मंदावते. अल्झायमर आणि पार्किन्सन या रोगांत मेंदूमध्यें प्रथिनांचे गोळे सांचलेले आढळतात. उलट, कर्करोगाच्या पेशी याच पाठराखिणींच्या आधारानें फोफावतात. एका रोगांत यांना उत्तेजन द्यावें आणि दुसऱ्यांत आवर घालावा, असा पेंच औषधसंशोधकांपुढें आहे. आणि दोन्ही रोग बहुधा उतारवयांतच गांठतात.